विद्युत्-प्रवर्तनातील भूसंपर्क : वर्गातील एका अडचणीच्या प्रश्नाचा विचार

वरच्या प्राथमिक वर्गांत स्थिर विद्युतेचा पाठ घेताना घर्षणाने भार उत्पन्न करण्याचा भाग बहुधा सुखरूप पार पडतो. फुगा केसांवर घासला, कागदाचे कपटे उचलले गेले, मुले हसली, आणि काम झाले. खरी अडचण येते ती पुढच्या पायरीवर, म्हणजे भारित वस्तूचा स्पर्श न होताही वाहकावर भार कसा येतो हे सांगताना. या क्रियेला प्रवर्तन म्हणतात. तिच्यात एक क्षण असा येतो, की शिक्षक वाहकाला बोट लावतो, बोट काढून घेतो, आणि त्या बोटाने काय घडवले हे सांगण्याची वेळ येताच स्पष्टीकरण अडखळते.

प्रयोग असा. विद्युतदर्शीच्या वरच्या चकतीजवळ ऋणभारित नळी आणावी. खालची दोन पाने एकमेकांपासून दूर सरतात. नळी तेथेच धरून चकतीला क्षणभर बोट लावावे. पाने मिटतात. बोट काढावे, मग नळी दूर न्यावी. पाने पुन्हा उघडतात आणि उघडीच राहतात. विद्युतदर्शीवर आता धनभार आला आहे.

एवढे पाहिल्यावर चौकस विद्यार्थ्याच्या मनात जो प्रश्न उभा राहतो तो असा : नळी ऋण असल्यामुळे चकतीवर धनभार आला आणि पानांवर ऋणभार गेला, असे गुरुजींनीच सांगितले. बोट तर वर, चकतीला लावले. तेथे धनभार होता. मग धनभार जागेवर राहिला आणि बोट न लागलेल्या पानांतला ऋणभार निघून गेला, हे कसे?

हा प्रश्न विचारणारा मुलगा वात्रट नव्हे; त्याने प्रयोग इतरांपेक्षा अधिक लक्षपूर्वक पाहिलेला आहे. त्याला ‘पुस्तकात तसे दिले आहे’ असे उत्तर मिळाले, तर तो पुढे प्रश्न विचारणार नाही, आणि त्या दिवसापासून विज्ञान हे त्याच्या लेखी पाठांतराचे प्रकरण होईल. म्हणून या एका बोटाचा विचार शिक्षकाने वर्गात जाण्यापूर्वीच पुरता करून ठेवणे अवश्य आहे.

या प्रश्नाला दोन उत्तरे नेहमी दिली जातात. दोन्ही अपुरी आहेत. पहिले उत्तर असे, की जमिनीशी जोडलेल्या वस्तूतील सर्व भार जमीन शोषून घेते. हे खरे असते तर विद्युतदर्शीवर शेवटी काहीच उरले नसते, पाने उघडली नसती. दुसरे उत्तर जुन्या पुस्तकांतले : जवळच्या बाजूचा भार ‘बद्ध’ आणि दूरच्या बाजूचा ‘मुक्त’; भूसंपर्काने मुक्त भार जातो, बद्ध भार राहतो. यात चूक अशी नाही, पण हे उत्तर नव्हे, घडले त्याला दिलेले नाव आहे. मुक्त भार बद्ध भाराच्या जागेतून वाट काढून गेला कसा, हे कोडे तसेच राहते.

उत्तराकडे जाण्यापूर्वी साहित्याची थोडी व्यवस्था पाहू जाता, यात खर्चाचे असे काही नाही. तोंड रुंद असलेली काचेची कोरडी बरणी घ्यावी. तिच्या प्लास्टिकच्या झाकणाला भोक पाडून त्यातून तांब्याची जाड तार सोडावी आणि ती मेणबत्तीच्या मेणाने पक्की करावी. तारेच्या खालच्या टोकाला आकडा करून त्यावर पातळ अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या सुमारे ४ सेंटिमीटर लांब व अर्धा सेंटिमीटर रुंद अशा दोन पट्ट्या मोकळ्या झुलतील अशा अडकवाव्यात. वरच्या टोकाला पत्र्याची चकती किंवा फॉइलचा घट्ट गोळा बसवावा. सोन्याच्या वर्खाची पाने असलेला असा विद्युतदर्शी इंग्लंडमध्ये अब्राहम बेनेट याने १७८७ साली प्रसिद्ध केला. फॉइलची पाने तितकी चपळ नसतात, पण वर्गाच्या कामाला पुरतात.

घासण्यासाठी शेतातील पाण्याच्या पीव्हीसी नळीचा हातभर तुकडा आणि घोंगडीचा फाटका कोपरा यांच्यासारखी दुसरी जोडी नाही. लोकरीने घासल्यावर ही नळी ऋणभारित होते. पारदर्शक पट्ट्या मात्र वापरू नयेत. काही प्रकारचे पारदर्शक प्लास्टिक लोकरीने घासल्यावर धनभारित होते, आणि मग सर्व चिन्हे उलटी होऊन गोंधळ उडतो. हवा कोरडी हवी. देशावर मार्गशीर्षापासून माघापर्यंत हा पाठ घेतल्यास सहसा दगा होत नाही. कोकणातील शाळांनी थंडीतली उन्हे चढल्यावर, सर्व साहित्य तासभर उन्हात ठेवून मगच प्रयोगास हात घालावा. दमट काचेवरून व मेणावरून भार नकळत पाझरून जातो, आणि फजिती शिक्षकाच्या वाट्यास येते.

‘जमीन’ म्हणजे काय याबद्दल एक सूचना. या प्रयोगात अनवाणी उभ्या असलेल्या मुलाचे बोट हाच पुरेसा भूसंपर्क आहे. भार इतका थोडा असतो, की मुलाचे शरीर व मातीची किंवा दगडी फरशीची जमीन त्याला सहज वाट देतात. भिंतीवरील विजेच्या खोबणीतील ‘अर्थ’चे भोक या कामासाठी कोणी वापरू नये व मुलांना सुचवूही नये. तेथे काडी घालण्याची सवय कोणत्या दिवशी कोणत्या भोकात जाईल याचा नेम नाही.

आता मूळ प्रश्न. त्याचे उत्तर बोट बाजूला ठेवून, दोन डब्यांच्या प्रयोगाने सुरू करणे सोयीचे जाते. पत्र्याचे दोन सारखे डबे थर्माकोलच्या दोन स्वतंत्र तुकड्यांवर ठेवून एकमेकांस चिकटवावेत. पहिल्या डब्याच्या बाहेरच्या अंगाजवळ घासलेली नळी आणावी, स्पर्श करू नये. नळी तशीच धरून, दुसरा डबा त्याच्या खालच्या थर्माकोलला धरून बाजूला ओढावा. मग नळी दूर करावी. आता पहिला डबा विद्युतदर्शीच्या चकतीला लावला तर पाने उघडतात. त्यानंतर दुसरा डबा लावला तर पाने मिटतात. दोघांवर सारखेच पण विरुद्ध भार होते, ते एकमेकांत जिरले. लंडनचा शिक्षक जॉन कॅन्टन याने १७५३ साली प्रवर्तनाचे प्रयोग मांडले, तेव्हा इलेक्ट्रॉनची कल्पनाही नव्हती. तो कण जे. जे. थॉमसनने १८९७ साली दाखवून दिला. आजच्या मुलाला मात्र सरळ सांगता येते, की धातूत हलतात ते इलेक्ट्रॉन, धनभाराचे अणुगर्भ जागचे हलत नाहीत. ऋण नळीने इलेक्ट्रॉनांना शक्य तितके दूर लोटले, म्हणजे दुसऱ्या डब्यात. पहिल्या डब्यात त्यांची तूट पडली, आणि तुटीलाच धनभार असे नाव आहे.

हा प्रयोग समजल्यावर दुसरा डबा काढून त्याच्या जागी मोठी पत्र्याची बादली ठेवावी. परिणाम तोच. मग बादलीच्या जागी थर्माकोलवर उभा असलेला मुलगा घ्यावा, तोही चालतो. शेवटी त्या मुलाला खाली, जमिनीवर उतरवावे. आता दुसरा डबा म्हणजे मुलगा आणि त्याच्या पायाखालची सगळी पृथ्वी. बोट लावणे म्हणजे वाहकाला आणखी एक, अतिशय मोठा, डबा जोडणे होय. जोडल्याच्या क्षणी विद्युतदर्शी, मुलगा आणि पृथ्वी मिळून एकच वाहक होतो. त्या वाहकाची नळीपासून ‘दूरची बाजू’ आता बरणीतली पाने राहिलेली नाहीत. पानांतल्या इलेक्ट्रॉनांना याहून फार दूर जाण्याची वाट मिळाली, म्हणून ते तारेतून वर, चकतीतून, बोटातून खाली गेले. चकतीवर धनभार आहे म्हणजे तेथे इलेक्ट्रॉन जाऊच शकत नाहीत असे नव्हे; धातूचा तो भाग त्यांच्या रस्त्यातच आहे.

येथवरचे स्पष्टीकरण मुलांना पुरते. शिक्षकाला स्वतःसाठी मात्र एक पायरी अधिक चढावी लागेल, कारण ‘बोट कोठेही लावले तरी तोच परिणाम का’ याचे नेमके उत्तर विभवाच्या कल्पनेत आहे. उष्णता ज्याप्रमाणे अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते, त्याप्रमाणे दोन जोडलेल्या वाहकांत भार केव्हा व कोणीकडे वाहील हे त्यांवरील भाराच्या प्रमाणावरून ठरत नाही, त्यांच्या विभवांतील फरकावरून ठरते. एका वाहकात भार स्थिरावल्यावर त्याच्या सर्व भागांचा विभव एकच असतो. जवळची बाजू धन, दूरची ऋण, पण विभव दोन्हीकडे सारखाच. ऋण नळी जवळ आल्याने विद्युतदर्शीचा विभव चकतीपासून पानांपर्यंत जमिनीच्या मानाने ऋण झाला, एकूण भार शून्य असतानाही! बोट चकतीला लावले, तारेला लावले, किंवा हात पोहोचला असता तर पानांना लावले, तरी प्रत्येक ठिकाणी तोच ऋण विभव भेटणार, आणि तो जमिनीच्या बरोबरीस येईपर्यंत इलेक्ट्रॉन खाली जाणार. भूसंपर्क वाहकाचा विभव जमिनीइतका करतो. त्याचा भार शून्य करतोच असे नाही. जवळ दुसरा भार नसेल तेव्हाच या दोन गोष्टी एक होतात. पहिल्या अपुऱ्या उत्तरातील चूक येथे उघडी पडते.

विभव हा शब्द मुलांपुढे न उच्चारता ही कल्पना दाखवण्यास पाण्याची युक्ती फार उपयोगी पडते, आणि ती प्रत्यक्ष करून दाखवावी. एक मोठे घंगाळ आणि एक लहान बादली, दोन्हींत सारख्या पातळीचे पाणी. रबरी नळी पाण्याने भरून तिचे एक टोक घंगाळात व दुसरे बादलीत बुडवून ठेवावे, आणि नळी मध्ये चिमटीत दाबून धरावी. घंगाळ ही पृथ्वी, बादली हा वाहक, पाणी म्हणजे इलेक्ट्रॉन, आणि चिमटी सोडणे म्हणजे बोट लावणे. आता बादली विटेवर ठेवावी. बादलीत पाणी तितकेच आहे, पण पातळी उंचावली. ऋण नळी जवळ आणल्याने हेच घडते. चिमटी सोडली, की पातळी सारखी होईपर्यंत पाणी घंगाळात जाते. पुन्हा नळी दाबावी आणि वीट काढावी. बादलीची पातळी आता घंगाळाहून खाली गेली. तेवढ्या पाण्याची तूट हाच धनभार. रबरी नळीचे टोक बादलीत डाव्या अंगाला बुडवा की उजव्या, पाणी तितकेच वाहते, हे मुलांकडूनच करवून घ्यावे. चकतीवरच्या बोटाचे कोडे येथे बहुतेकांना सुटते. उपमेची मर्यादाही शिक्षकाने ध्यानात ठेवावी : बादलीतले पाणी एका अंगाला जमत नाही, वाहकातला भार मात्र जमतो.

हीच बादली क्रमाचा प्रश्नही सोडवते. परीक्षेत या पाठावर जो एक गुण हमखास जातो तो क्रमासाठी : आधी बोट काढावे, मग नळी. उलट केले तर काहीच उरत नाही. ‘उलट करू नये’ असे सांगण्यापेक्षा मुद्दाम उलट करून दाखवावे. चिमटी सोडलेली असतानाच वीट काढली, तर गेलेले पाणी घंगाळातून परत येते आणि पातळ्या पूर्ववत होतात. विद्युतदर्शीतही तसेच, बोट असताना नळी दूर नेली तर इलेक्ट्रॉन आल्या वाटेने परत येतात आणि पाने मिटलेलीच राहतात. ही चूक दोन-तीन मुलांनी आपल्या हाताने केली म्हणजे क्रम पाठ करावा लागत नाही.

भाषेतील एका दोषाकडेही लक्ष वेधणे जरूर आहे. ‘भार जमिनीत जातो’ हे वाक्य इतके रुळले आहे, की सर्व प्रसंगी तेच वापरले जाते. नळीऐवजी रेशमाने घासलेली काचेची कांडी, म्हणजे धनभारित वस्तू, जवळ आणली, तर बोटातून जमिनीत काहीही जात नाही. इलेक्ट्रॉन जमिनीतून वर येतात आणि वाहक ऋणभारित होतो. बादली विटेवर न ठेवता खड्ड्यात ठेवावी, घंगाळातले पाणी तिच्यात येईल. जमीन घेते तशी देतेही.

किती भार येतो, हे हिशेबाची आवड असलेल्या शिक्षकाला जाणून घ्यावेसे वाटेल. लोटा ५ सेंटिमीटर त्रिज्येचा गोल मानला आणि जवळ आणलेला भार त्याच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर एका बिंदूत एकवटला आहे असे धरले, तर भूसंपर्कानंतर लोट्यावर येणारा विरुद्ध भार मूळ भाराच्या ५ भागिले २०, म्हणजे चौथा हिस्सा असतो. अंतर १० सेंटिमीटर केले तर निम्मा. भार वाहकाने पुरता वेढला तरच तो संपूर्ण बरोबरीचा होतो. मायकेल फॅरडेने १८४३ साली धातूच्या बादलीत भारित गोळा सोडून हे दाखवले.

मिळालेला भार विरुद्ध चिन्हाचा आहे हे मुलांनी केवळ ऐकू नये, पाहावे. प्रवर्तनाने भारित केलेल्या, पाने उघडलेल्या विद्युतदर्शीजवळ तीच ऋण नळी हळूहळू पुन्हा आणावी. पाने प्रथम मिटू लागतात, कारण इलेक्ट्रॉन वरून लोटले जाऊन पानांतली तूट भरून काढतात. नळी झटक्याने किंवा फार जवळ आणली तर पाने मिटून पुन्हा उघडतात, आणि मुले ‘उघडली’ एवढेच लिहितात. म्हणून येथे हात सावकाश चालवावा. ताडून पाहण्यासाठी नळी चकतीला नुसती घासून थेट भारित केलेल्या विद्युतदर्शीवरही तोच प्रयोग करावा. तेथे पाने अधिकच फाकतात.

प्रवर्तन आणि भूसंपर्क यांचे सर्वांत सुंदर उपकरण म्हणजे विद्युतधर. स्वीडनच्या योहान विल्के याने त्याचे मूळ रूप १७६२ साली सिद्ध केले आणि इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा याने १७७५ साली ते प्रचारात आणले. जुनी ग्रामोफोनची तबकडी किंवा पीव्हीसीचा सपाट पत्रा घोंगडीने खरपूस घासावा. त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे सपाट झाकण ठेवावे. झाकणाच्या मधोमध जाड मेणबत्ती मूठ म्हणून चिकटवलेली असावी. झाकणाला बोट लावून काढावे आणि मुठीने झाकण उचलावे. अंधाऱ्या खोलीत उचललेल्या झाकणाजवळ बोटाचे पेर नेले, तर दोन-चार मिलिमीटरची निळसर ठिणगी दिसते. कोरड्या हवेत मिलिमीटरला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात, म्हणजे मूठभर मेणाच्या मुठीवर काही हजार व्होल्ट धरलेले असतात. भार अत्यल्प असल्याने इजा होत नाही.

मुले येथे विचारतील, आणि विचारली नाहीत तर शिक्षकाने विचारावे : तबकडी एकदाच घासली, तरी झाकण पुन्हा पुन्हा ठेवून वीस-पंचवीस ठिणग्या निघतात. हे फुकटचे कोठून येते? तबकडीचा भार तर जवळजवळ तसाच आहे. तिचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने झाकण थोड्याच बिंदूंना टेकते आणि भार उतरत नाही. ठिणगीची ऊर्जा येते ती उचलणाऱ्या हातातून. धन झाकण ऋण तबकडीपासून ओढून दूर न्यावे लागते, त्या ओढण्याचे काम ठिणगीत दिसते. बोट काढल्यावर, झाकण उचलण्यापूर्वी, त्याला पुन्हा बोट लावून पाहावे. काही जाणवत नाही, कारण भार असला तरी विभव जमिनीइतकाच आहे. उचलल्यावर भार तोच, विभव मात्र हजारो व्होल्टचा.

वर्गाबाहेर हा विषय गावाच्या वेशीवर उभा असतो. उच्च दाबाच्या चालू तारांशेजारून जाणारी, पुरवठा बंद केलेली दुसरी तारही प्रवर्तनाने जिवंत होऊ शकते. म्हणून वायरमन बंद तारांवर हात घालण्यापूर्वी त्या जमिनीशी जोडतात, आणि तो जोड काम संपेपर्यंत काढत नाहीत. त्या तारांतील विद्युत क्षणाक्षणाला उलटत असते, म्हणजे वीट सतत वर-खाली होत असते. तेथे बोट काढून चालत नाही. ‘लाइन बंद आहे’ म्हणून खांबावर चढणाऱ्या तरुणाच्या जिवाचा हा प्रश्न आहे, आणि असे तरुण याच शाळांतून बाहेर पडतात.

वळवाच्या ढगाखालीही हेच घडते. ढगाचा तळ बहुधा ऋणभारित असतो आणि त्याखालची जमीन, झाडे, तारेची कुंपणे यांवर धनभार जमतो. लाकडी खांबांवरच्या लांब कुंपणात तो हळूहळू पाझरून चढतो. मग वीज दूर कोठे तरी पडते, ढगाचा भार एकाएकी नाहीसा होतो, म्हणजे नळी झटकन काढून घेतली जाते, आणि कुंपणावरचा भार जमिनीकडे उसळतो. चार्ल्स स्टॅनहोप, लॉर्ड मेहॉन, याने १७७९ साली या परतीच्या धक्क्याचे वर्णन केले आहे. गडगडाट सुरू असताना कुंपणाला टेकून उभे राहू नये, वाळत घातलेल्या कपड्यांची तार धरू नये, हे मुलांना सांगताना वीज त्यांच्यापासून दूर पडली तरीही ते लागू आहे, हे याच पाठाच्या आधारे समजावून देता येते. जमिनीला टेकलेले कुंपणही सुरक्षित नव्हे. त्यावर प्रत्यक्ष वीज पडली तर तिचा प्रवाह तारेभर पसरतो.